आत्या हाय गेनवर

आमच्या आत्याची वाचा मी घालवली, एका रविवारी सकाळी, साध्या निळ्या बॉलपेननं.

तिला याचा पत्ताच नव्हता. त्या वेळी ती अंगणात उभी राहून भाजीवाल्याला कोवळी मेथी कशी ओळखायची ते शिकवत होती, आणि तो भला माणूस वीस मिनिटं हातगाडी धरून उभा होता. (आत्या बोलायला लागली की मधे श्वास घेत नसे. त्यामुळे समोरच्याला निरोप घ्यायला फट सापडत नसे.)

प्रकार असा होता. सन दोन हजारात मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले, छत्तीसगड वेगळा निघाला, आणि सरकारी माणसांचीही वाटणी सुरू झाली. कपाटं, जीपगाड्या, फायली आणि बाबू... काही इकडे, काही तिकडे! आमचे वडील, म्हणजे अण्णा, ग्वाल्हेरच्या एका सरकारी दफ्तरात बडे बाबू होते. रिटायर व्हायला तीन वर्षं उरलेली. त्यांनी जन्मभर कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घरापासून दफ्तरापर्यंत सायकल चालवली होती. त्यापलीकडे जग आहे हे त्यांना माहीत होतं, पण पसंत नव्हतं.

दफ्तरात रोज नवी अफवा. अण्णा संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, "आज म्हणून राहिले आहेत की 'प'पासून पुढच्या आडनावांचे सगळे रायपूर!"

आमचं आडनाव पुराणिक.

"उद्या म्हणतील, चष्मेवाले सगळे रायपूर," आई म्हणायची. "तुम्ही जेवा."

पण अण्णांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. रोज सकाळी ते गच्चीवर जायचे आणि किल्ल्याकडे बघत उभे राहायचे, कुणीतरी तो उचलून नेणार असल्यासारखे.

मग कळलं की ज्यांची घरची अडचण असेल त्यांनी अर्ज करावा, साहेब विचार करतील. अण्णांनी लगेच कागद घेतला आणि सुंदर अक्षरात एक ओळ लिहिली: महोदय, माझी ग्वाल्हेरलाच राहण्याची इच्छा आहे.

"एवढंच?" मी विचारलं.

"मग अजून काय? खरं तर एवढंच आहे."

असल्या अर्जावर कुणी ग्वाल्हेरला ठेवतं का? मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही आरामात बसा. मी लिहून आणतो." आणि मी शुद्ध, सरकारी, डोळ्यात पाणी आणणाऱ्या हिंदीत दोन पानं लिहिली. आईला मी हृदयाचा गंभीर आजार दिला, कुठलाही धक्का सोसणार नाही असा. आत्याला पक्षाघात दिला, अंथरुणाला खिळवलं आणि तिची वाचा काढून घेतली. शेवटी लिहिलं, 'अब वह केवल आंखों से भाई को पुकारती है.' हे वाचून माझेच डोळे ओले झाले!

अण्णांनी मुलावर विश्वास ठेवून सही केली. बडे बाबूंनी नोकरीच्या पूर्ण काळात न वाचता केलेली ती एकमेव सही.

आता माझ्याविषयी. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा. सकाळी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि उरलेला दिवस हेवी मेटल गिटारवादक असायचो. पुराणिकांच्या घरात सात पिढ्या पूजा सांगितली गेली, आठवीनं फायली लिहिल्या, नवव्या पिढीनं भिंती हलवायला घेतल्या. त्या हिवाळ्यात मेळ्याच्या मैदानावर तरुणांच्या बँडची स्पर्धा होणार होती. आमचा तीन जणांचा बँड होता, केस होते, काळे शर्ट होते. फक्त अ‍ॅम्प नव्हता.

अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. पण मेटलला नुसता मोठा आवाज चालत नाही, हाय गेन लागतो. आईनं विचारलं होतं, गेन म्हणजे काय? मी सांगितलं, "आवाज म्हणजे माणूस किती जोरात बोलतो ते. गेन म्हणजे तो किती चिडलाय ते."

"मग तुझ्या आत्याला विचार की!" आई म्हणाली.

आमच्यापुढे दोन अ‍ॅम्प होते. पहिला दिल्लीवाला, ड्रमरच्या मावसभावाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला, परदेशी, चकचकीत, बटण दाबलं की तत्क्षणी सुरू. दुसरा किला गेटवाला. तो बबलूनं बनवला होता. बबलूचं किला गेटला रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान. वय पस्तीस, केस कमरेपर्यंत, शर्टावर कवटी, आणि बोलणं एखाद्या वैद्यासारखं शांत. त्यानं सभांच्या लाउडस्पीकरचं जुनं मशीन उघडून, त्यातल्या काचेच्या व्हॉल्व्हना काहीतरी पढवून, एक लाकडी राक्षस तयार केला होता. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागे. मग तो असा गुरगुरे की खिडकीच्या काचा उत्तर देत.

दोघांपैकी एक निवडायचा म्हणून अर्ज दिल्याच्या पुढच्याच रविवारी दुपारी परीक्षा ठेवली. दोन्ही अ‍ॅम्प आमच्या बैठकीत, कारण कूलरचा मोठा प्लग तिथंच. गिटार मात्र आतल्या खोलीत आत्याच्या पलंगावर, लांब वायर लावून, कारण अ‍ॅम्पच्या जवळ नेली की ती किंचाळायची. बैठकीत जमिनीवर बबलूनं केलेली एक छोटी पेटी होती. तिच्या बटणावर पाय दिला की आवाज या अ‍ॅम्पमधून त्या अ‍ॅम्पमध्ये जाई.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. गिटारच्या तारांखाली जे आवाज पकडणारं चुंबक असतं, तेही बबलूनं स्वतःच्या हातानं तार गुंडाळून बनवलं होतं. हाय गेनवर ते तारांचाच नव्हे, जवळ बसलेल्या माणसाचाही आवाज पकडायचं, माइकसारखं. मी तक्रार केली तेव्हा बबलू म्हणाला, "भैया, इसको बोनस समझो."

तर परीक्षा सुरू झाली. मी वहीत रकाने आखले होते: खर्ज, धार, सूर किती वेळ टिकतो, आणि वाजवत नसताना मशीन गप्प बसतं की नाही. आत बबलू एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होता, बाहेर मी पाय देत होतो आणि मार्क भरत होतो. दिल्लीवाल्याची धार जबरदस्त, कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकासारखी, पण खर्जात गेला की पोकळ. किला गेटवाल्याचा खर्ज पोटात शिरायचा. अण्णा कानात कापूस घालून गच्चीवर उन्हात बसले होते. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "शिरीष, फरशी घासून घेताय का रे?"

"दिल्लीवाल्यात मिक्सर बिघडल्यासारखा वाटतो," आई म्हणाली, "आणि दुसऱ्यात मिक्सर ठीक आहे, पण आत खडे घातलेत."

आत्याला जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे या घरात माझं संगीत तिलाच तेवढं सोसवत होतं. ती म्हणाली, "दुसरा बरा. त्याचा राग मनापासून वाटतो."

साडेतीनला लाईट गेली. तेव्हा ती रोजच जायची, कुणी लक्षही दिलं नाही. अ‍ॅम्प बंद करायला हवेत हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्याच क्षणी फाटकाशी जीप थांबली. जीपमधून वर्मा साहेब उतरले. त्यांच्यामागून त्यांची बायको.

"अण्णांचे साहेब!" आई कुजबुजली. "आपल्या घरी? कशाला?"

कशाला ते मला माहीत होतं. मी आत धावलो.

"आत्या, पटकन अंथरुणात पड!"

"का? काय झालंय?"

"लकवा!"

"कुणाला?"

"तुला!"

"कधी?"

"मागच्या रविवारी, मी लिहिलेल्या अर्जात. आणि तुझी वाचा गेली आहे. साहेब जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. अण्णांच्या बदलीचा प्रश्न आहे!"

आत्यानं तोंड उघडलं, मग भावाचं नाव ऐकून ते मिटलं आणि ती निमूटपणे पलंगावर आडवी झाली. तिला गप्प बसलेलं मी प्रथमच बघत होतो. फार भीतिदायक होतं ते.

"आई, तुला हार्ट आहे."

"ते तर सगळ्यांनाच असतं," आई म्हणाली आणि चहाला गेली.

बबलूला बाहेर आणणं शक्यच नव्हतं, मरणपंथाला लागलेल्या घरात छातीवर कवटी कशी दाखवायची? "तुम यहीं बैठो, दादी के पास," असं म्हणून मी मधला पडदा ओढला. बैठकीतल्या दोन्ही अ‍ॅम्पवर पलंगपोस टाकले. दोन छान टेबलं झाली! दिल्लीवाल्यावर मी चकल्यांची ताटली ठेवली, किला गेटवाल्याशेजारी साहेबांची खुर्ची.

अण्णा गच्चीवरून उतरले, कानातला कापूस काढत. साहेब घरी आलेले बघून त्यांना आनंद झाला की धक्का बसला, सांगता येत नव्हतं. साहेब खुर्चीच्या टोकावर बसले होते, आवाज अगदी खाली आणून बोलत होते.

"पुराणिक बाबू, आपने कभी बताया नहीं."

"क्या साहब?"

"आपकी बहन के बारे में."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी चकल्या पुढे केल्या.

मग साहेबांच्या बायकोनं पिशवीतून कापडात गुंडाळलेली तेलाची बाटली काढली. साहेबांच्या आईला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला होता, तेव्हापासून ती बोलली नव्हती. सागर गावच्या एका वैद्याच्या तेलानं आता कुठे तिचा हात हलायला लागला होता. "आपकी अर्ज़ी पढ़ी तो ये उस रात खाना नहीं खा सके," बाई म्हणाल्या. "आंखों से पुकारने वाली बात… अम्मा भी वैसे ही देखती हैं."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. चौकशीला आले असते तर मी तोंड वर करून खोटं बोललो असतो. पण ही माणसं तेल घेऊन आली होती!

आणि लाईट आली.

दिल्लीवाला तत्क्षणी जागा झाला. 'सुंऽऽऽ…'

"ये आवाज़?" साहेबांनी विचारलं.

"फ्रिज," मी म्हणालो. चकल्या ताटलीत हळूहळू सरकायला लागल्या होत्या.

पडद्याआड, आत्या इतका वेळ गप्प राहिल्यानं कासावीस झाली असावी. बबलू पलंगाजवळ गिटार मांडीवर घेऊन बसला होता. ती त्याच्याकडे वाकली, म्हणजे थेट गिटारच्या तारांवर, आणि तिच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाली:

"गए क्या वो लोग?"

दिल्लीवाल्यातून ते असं आलं, जसं कुणी पत्र्याची शेड करवतीनं कापतंय. बाईंच्या हातातली चकली पडली.

"कौन?" साहेब उभे राहिले.

"रेडिओ!" मी ओरडलो. घाईत मी पलंगपोसाखाली पाय घातला आणि जे बटण सापडलं ते दाबलं. ते बंद करायचं बटण नव्हतंच. ती बबलूची पेटी होती. आणि एव्हाना किला गेटवाल्याचे व्हॉल्व्ह तापले होते.

"कब से लेटी हूं रे बबलू! पीठ का पापड़ हो गया!"

काय तो खर्ज! एकेक अक्षर दगडात कोरल्यासारखं. साहेबांच्या कपातल्या चहावर गोल गोल लाटा उठल्या. (अशा अवस्थेतही माझ्या मनात आलं की शब्द किती स्वच्छ निघतायत. दिल्लीवाल्यात ही गोष्ट नाही. माझ्यावर देवाचा कोप व्हायला हरकत नव्हती.)

आत्याला कमी ऐकू येत असलं तरी हा आवाज तिच्याही कानावर गेला. "बाहर कौन चिल्ला रहा है? रावण आया क्या?" तेही अर्थातच गर्जून बाहेर आलं.

"दादी, चुप! वो आप ही हो!" हा बबलू, पाताळातून.

"मैं?" मग प्रचंड कौतुकानं, "अरे वा!"

मी अ‍ॅम्पचं बटण शोधत होतो, ते साहेबांच्या खुर्चीमागे दडलं होतं. अण्णा पुतळ्यासारखे उभे. आई चहाचं भांडं घेऊन दारात. आणि आत्याच्या लक्षात आलं होतं की आपलं बोलणं थेट साहेबांपर्यंत पोचतंय. जन्मात असा श्रोता तिला मिळाला नव्हता.

"साहब, नमस्ते!" घर हादरलं. "मैं रामभाऊ की बड़ी बहन. मुझे कुछ नहीं हुआ है. वो अर्ज़ी इस शिरीष ने लिखी. मेरे भाई ने पढ़ी भी नहीं होगी, उसको डांटना मत. वो झूठ नहीं बोलता, उसको आता ही नहीं!"

"आत्या, बस कर!" मी साहेबांच्या खुर्चीखाली शिरलो.

"तीस साल से इस घर में हूं, साहब. पति गए तब भाई सायकल पर लेने आया था. उस दिन से एक बार भी उसने मुझे पराया नहीं…"

माझ्या हाताला वायर लागली. मी ती ओढली. प्लग निघाला आणि वाक्याचा उरलेला तुकडा पडद्याआडून आत्याच्या खऱ्या आवाजात आला, बारीक, थोडा कापरा.

"…लगने दिया. उसको दूर मत भेजना, बस."

मी खुर्चीखालीच राहिलो, कारण बाहेर येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"साहब," अण्णा शेवटी म्हणाले, "वो अर्ज़ी देख सकता हूं?"

साहेबांनी खिशातून कागद काढला. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, सावकाश, एखाद्या फायलीसारखी. मग त्यांची घडी घातली.

"साहब, मेरी बहन को कुछ नहीं हुआ. पत्नी भी ठीक है. बेटा गधा है, बस वही बात इसमें लिखी नहीं गई. ये अर्ज़ी मैं वापस लेता हूं. आप जहां भेजेंगे, जाऊंगा."

साहेबांचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं, आता रायपूर नाही, थेट बस्तर! पण ते हसत होते. आधी आवाज न करता, मग खुर्चीचा हात धरून, मग चष्मा काढून. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले आणि मग ते नुसतेच वाहत राहिले.

"दो साल से," ते म्हणाले, "दो साल से किसी बुज़ुर्ग की आवाज़ घर में नहीं सुनी, पुराणिक बाबू."

त्यांच्या बायकोनं पडदा बाजूला केला आणि ती आत्याजवळ जाऊन बसली. त्यानंतर दिवे लागेपर्यंत आत बोलणं चाललं होतं, म्हणजे आत्याचं. आत्यानं त्यांच्या सासूबाईंची सगळी चौकशी केली, कुठल्या कुशीवर झोपतात, कोण भरवतं, रागावतात का, आणि सांगितलं की त्यांच्याशी रोज बोला, उत्तर येवो न येवो, माणसाला ऐकायला लागतं. तेलाची बाटली ती परत देत होती. बाईंनी घेतली नाही. मग ते तेल आत्याच्या गुडघ्यांना लागलं. बबलूनं सगळ्यांना चहा दिला. त्याच्या कवटीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर अण्णा मला रागावतील म्हणून मी भिंतीला टेकून उभा होतो. ते रागावले नाहीत. "तुझं हिंदी फार चांगलं आहे रे, शिरीष," ते म्हणाले. "त्याचंच वाईट वाटतं." आणि त्यांनी कागद घेऊन आपला तो एका ओळीचा अर्ज पुन्हा लिहिला.

महिन्याभरानं यादी लागली. अण्णांच्या पदावरच्या काही लोकांनी स्वतःहून रायपूर मागून घेतलं होतं, त्यातच जागा भरल्या. अण्णांचं नाव यादीत आलंच नाही. म्हणजे मी अर्ज लिहिला नसता तरी काही फरक पडला नसता! यादीत नाव होतं ते वर्मा साहेबांचं. स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. त्यांच्या आईला खुर्चीतून डब्यात चढवलं. आत्या तिचा हात धरून गाडी हलेपर्यंत बोलत होती, आणि ती म्हातारी तिच्याकडे एकटक बघत होती. मी लिहिलं होतं तसंच होतं ते बघणं. मला तिथं उभं राहवेना, मी पाण्याची बाटली आणायच्या निमित्तानं लांब गेलो.

स्पर्धेसाठी अर्थातच किला गेटवाला निवडला. आम्ही मेळ्यात वाजवलं. टाळ्याही पडल्या, आम्ही थांबल्यावर. पण माझं समाधान होईना. ज्या आवाजासाठी एवढं रामायण केलं, तो माझ्या गिटारमधून निघतच नव्हता. आत्या बोलली तेव्हा केवढा भरदार होता! मी रिक्षातून अ‍ॅम्प किला गेटला नेला आणि बबलूला म्हटलं, "यार, यात काहीतरी खराबी आहे. आवाज फाटका येऊन राहिला आहे."

बबलूनं दुकानात मिक्सर घेऊन आलेल्या एका मावशींना बसवलं, अ‍ॅम्प उघडला, एकेक व्हॉल्व्ह काढून पुसला, वायरी तपासल्या, मागचं झाकण लावलं. मग माझी गिटार घेऊन स्वतः दोन मिनिटं वाजवली. रस्त्यावरची माणसं थांबली. मावशींनी मान डोलावली.

त्यानं गिटार माझ्या हातात दिली, फडक्याला हात पुसले आणि गिऱ्हाइकाला वाईट बातमी देताना तो करायचा तसा हळू आवाज करून म्हणाला,

"भैया, मशीन एकदम ठीक है. खराबी हाथ में है. और हाथ का काम हमारे यहां नहीं होता."